एकवीस गुण, तरी आई खालीच झोपते

श्वासाचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत चार पत्रं एकाच गोष्टीबद्दल आली आहेत, ती म्हणजे दम्याचे फॉर्म. कोणाला गुण जास्त पडले म्हणून शंका, कोणाला कमी पडले म्हणून धास्ती, तर कोणाला कुठला फॉर्म घ्यावा हेच कळेना. म्हणून या वेळी घोरण्याचे आणि ॲलर्जीच्या सर्दीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. रागावू नका.

प्रश्न : डॉक्टर, माझी आई 63 वर्षांची आहे. पंधरा वर्षांपासून दमा आहे. मागच्या महिन्यात तिला तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेलं. तिथल्या कंपाउंडरने पाच प्रश्न विचारून फॉर्म भरला, 25 पैकी 21 आले. दमा आटोक्यात आहे, चालू आहे तेच औषध चालू द्या, असं सांगितलं. पण आईला जिना चढवत नाही. दिवाळीपासून ती वरची खोली सोडून खाली सोफ्यावरच झोपते. मग 21 कसे आले? फॉर्मचा फोटो सोबत पाठवते. (एक मुलगी, फलटण तालुका)

उत्तर : फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, आणि फोनवर आईंशी बोलू दिलंत ते त्याहून बरं. हा जो फॉर्म आहे त्याला अस्थमा कंट्रोल टेस्ट म्हणतात, दवाखान्यात सगळे ‘एसीटी’ म्हणतात. 2004 मध्ये तो प्रसिद्ध झाला. मागच्या 4 आठवड्यांबद्दल 5 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 20 किंवा जास्त म्हणजे दमा आटोक्यात, 16 ते 19 म्हणजे नीट आटोक्यात नाही, 15 किंवा कमी म्हणजे फारच बिघडलेला. फॉर्म चांगला आहे, मीही रोज वापरते. आता आईंचे गुण कुठून आले ते पाहू.

पहिला प्रश्न, दम्यामुळे कामात अडथळा आला का? उत्तर ‘अजिबात नाही’, गुण 5. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, “सूनबाईनं सगळं काम हातातनं काढून घेतलंय, आता अडथळा कशाला येतोय?” तिसरा प्रश्न, रात्री धाप, खोकला, घरघर यांनी जाग येते का? पुन्हा ‘अजिबात नाही’, पुन्हा 5. यावर आईंचं उत्तर मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे : “जाग यायला आधी झोप लागावी लागती बाई.” दोन लोड पाठीशी घेऊन त्या रात्रभर बसून असतात. चौथा प्रश्न, आराम पडण्यासाठीचा पंप किंवा नेब्युलायझरची (औषधाची) वाफ किती वेळा घेतली? ‘अजिबात नाही’, 5. खरंच आहे, कारण पंपाची सवय लागते असं शेजारणीने सांगितल्यापासून पंप कपाटात आहे. त्याऐवजी मेडिकलमधून आणलेली एक पांढरी गोळी त्या सकाळ-संध्याकाळ घेतात. गोळीबद्दल फॉर्म विचारत नाही.

म्हणजे 21 पैकी 15 गुण या तीन उत्तरांचे. उरलेल्या दोन प्रश्नांना, धाप किती वेळा लागली आणि दमा किती आटोक्यात वाटतो, त्यांना 3 आणि 3 पडलेत. माझ्या मते त्या फॉर्मवर खरं सांगणारे आकडे ते दोनच.

आई खोटं बोलल्या नाहीत आणि कंपाउंडरही चुकला नाही. माणूस दम्याला घाबरून आपलं जगणं हळूहळू आखडून घेतो. आधी जिना सुटतो, मग देऊळ, मग फोडणी दुसऱ्याने द्यायची, मग मिरची कांडपाला दुसऱ्याने जायचं. या आखडलेल्या जगात त्रास कमीच होतो, आणि फॉर्म तेवढ्याच जगाबद्दल विचारतो. म्हणून मी माझ्याकडे एसीटी भरून झाली की एक प्रश्न तोंडी विचारते : मागच्या वर्षी करत होता आणि आता करत नाही अशी चार कामं सांगा. आईंनी फोनवर तीन सांगितली. वरच्या खोलीत झोपणं, गच्चीवर कुरडया घालणं आणि सोमवती अमावस्येला जेजुरीच्या पायऱ्या चढणं. चौथं आठवेना.

आता काय करायचं? त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि ही तीन कामं, ती गोळी आणि बसून झोपण्याची गोष्ट त्यांना सांगा. गोळीचं पाकीट बरोबर न्या. मागच्या वर्षभरात किती वेळा रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागला, किती वेळा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स झाला, तेही सांगा, कारण एसीटी हे विचारत नाही आणि पुढचा मोठा अटॅक येण्याचा धोका त्यावरूनच जास्त कळतो. फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. आणि आडवं झालं की धाप लागते हे लक्षण एकट्या दम्याचं नसतं, या वयात हृदयाचंही असू शकतं, तेव्हा ईसीजी आणि इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, मागे लागा. बोलताना वाक्य पुरं होईना किंवा ओठ निळसर दिसले तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

प्रश्न : मी छातीच्या विकारांत एम.डी. करते आहे. प्रबंधाचा विषय ‘दम्याचा रुग्णांच्या क्वालिटी ऑफ लाइफवर होणारा परिणाम’ असा आहे. गाइड सर म्हणतात एसीटी घे, पाच मिनिटांत होते. मला 32 प्रश्नांची एक प्रश्नावली सापडली आहे, पण आमच्या ओपीडीतल्या गर्दीत ती कशी भरून घेऊ? शिवाय ती इंग्रजीत आहे. मी आणि माझ्या रूममेटने मराठी भाषांतर केलं तर चालेल का? (एक विद्यार्थिनी, मराठवाडा)

उत्तर : सरांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणा, विषयात ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ लिहायचं असेल तर एसीटी पुरणार नाही. ती दमा किती आटोक्यात आहे ते मोजते. दमा माणसाच्या जगण्यात कुठे कुठे घुसला आहे, ते मोजत नाही. दोन्हींचा संबंध आहे, पण त्या एक नव्हेत. लग्नाचा हॉल भरला म्हणून जेवण चांगलं होतं असं म्हणता येत नाही, तसंच.

तुम्हाला सापडलेली 32 प्रश्नांची प्रश्नावली म्हणजे अस्थमा क्वालिटी ऑफ लाइफ क्वेश्चनेअर. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात एलिझाबेथ जुनिपर आणि गॉर्डन गायट यांच्या गटाने ती 1992 च्या सुमारास तयार केली. तिच्यातली मला आवडणारी गोष्ट ही की प्रश्न डॉक्टरांनी आपल्या मनाने ठरवले नाहीत. रुग्णांना विचारलं, तुम्हाला कशाचा त्रास होतो आणि तो किती महत्त्वाचा वाटतो. ज्या गोष्टी पुष्कळांनी सांगितल्या आणि ज्या त्यांना बोचत होत्या, त्याच ठेवल्या. लक्षणांचे 12, हालचालींवरच्या बंधनांचे 11, मनाचे 5, भोवतालच्या धूर-धूळ-वासाचे 4. मागचे 2 आठवडे आठवायचे. प्रत्येक उत्तराला 1 ते 7, आणि 7 म्हणजे काहीच त्रास नाही. बेरीज न करता सरासरी काढायची.

मूळ आवृत्तीत हालचालींच्या विभागात एक फार शहाणपणाची सोय होती. त्यातली 5 कामं रुग्णाने स्वतः निवडायची. फलटणच्या आईंना विचारलं असतं तर कुरडया आणि जेजुरी आपोआप फॉर्मवर आली असती. पण माणसा-माणसाची कामं वेगळी असली की मोठ्या अभ्यासात तुलना अवघड जाते, म्हणून 1999 मध्ये ठरावीक 5 कामांची आवृत्ती निघाली : जोराचा व्यायाम, मध्यम व्यायाम, नोकरी-धंद्याचं काम, लोकांत मिसळणं, झोप. संशोधनाला ही सोयीची. पण ओपीडीत एका रुग्णाला वर्षभर पाहायचं असेल तर मी अजून जुनीच पसंत करीन.

तुमच्या गर्दीत 32 प्रश्न होणार नाहीत, हे मात्र खरं. कागदावर दहा मिनिटं वाटतात. पण वाचून दाखवायचं असलं, शेजारी जावई उभा असला आणि आजोबा प्रत्येक प्रश्नाला आधी गावातल्या पावसाची हकीगत सांगत असले, की अर्धा तास जातो. माझ्याकडे गेला आहे. म्हणून तुम्ही 15 प्रश्नांची मिनी आवृत्ती घ्या. विभाग तेच चार. सोबत सरांच्या समाधानासाठी एसीटी घ्या, म्हणजे ताबा आणि जगणं या दोहोंत कुठे फारकत होते ते दिसेल. खरं सांगायचं तर तुमच्या प्रबंधात मला तेवढंच वाचायला आवडेल : ज्यांचे एसीटीचे गुण 20 च्या वर आहेत आणि तरीही मिनीमध्ये सरासरी 4 च्या खाली आहे, ती माणसं कोण?

आणखी दोन नावं कानावर येतील. जुनिपरबाईंचीच अस्थमा कंट्रोल क्वेश्चनेअर, 1999 ची, 7 प्रश्नांची, त्यातला एक स्पायरोमेट्रीचा आकडा. मागच्या 1 आठवड्याबद्दल, गुण 0 ते 6. दुसरी, लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात पॉल जोन्स यांनी केलेली 50 प्रश्नांची. ती दमा आणि सीओपीडी (विडी-सिगारेटने किंवा धुराने फुफ्फुसं कायमची खराब होण्याचा आजार) दोन्हींना चालते, पण आपल्याकडे वापरताना हसू आवरत नाही. दम लागल्यामुळे गोल्फ खेळता येतो का, बाग खणता येते का किंवा बर्फ फावड्याने उपसता येतो का, असं ती विचारते. माझ्या एका पेशंटला मी विद्यार्थिदशेत हे जसंच्या तसं विचारलं होतं. ऊसतोड कामगार माणूस. विचार करून म्हणाला, “बर्फ नाय उपसला, पण मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं आता जमत नाय.” मी प्रामाणिकपणे ‘लागू नाही’ लिहिलं आणि मोळी कुठल्याच रकान्यात लिहिली नाही. ते अजून सलतं.

यातूनच तुमच्या भाषांतराच्या प्रश्नाकडे येऊ. दोघींनी हॉस्टेलवर बसून केलेलं भाषांतर चालणार नाही. एक तर या प्रश्नावल्यांना मालक आहेत. परवानगी मागावी लागते, आणि मागताना मराठी आवृत्ती आधीच आहे का ते विचारायचं. असली तर तीच घ्या, तुमचे श्रम वाचले. नसली तर रीत ठरलेली आहे : दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, दोन्ही जुळवून एक करायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, फरक तपासायचे आणि मग काही रुग्णांसमोर प्रश्न वाचून विचारायचं की तुम्हाला यातून काय समजलं. ही शेवटची पायरी विद्यार्थी गाळतात, आणि सगळी गंमत तिथेच असते. मी एकदा ‘तुमचा दमा आटोक्यात आहे का’ असं विचारलं, तर एक आजी म्हणाल्या, “कुणाच्या आटोक्यात? माझ्या का तुमच्या?” धापेचंही तसंच. ‘दम लागतो’ हे आपण टेकडी चढून आलेल्या धडधाकट माणसालाही म्हणतो. कोणी ‘श्वास पुरत नाही’ म्हणतं, कोणी ‘छाती आवळते’, कोणी ‘शिट्टी वाजते’. तुमच्या भागातली माणसं काय म्हणतात ते ओपीडीच्या बाकावर बसून आधी चार दिवस नुसतं ऐका.

आता घोटाळ्याच्या जागा सांगते. गुणांची दिशा. एसीटी आणि 32 किंवा 15 प्रश्नांची, यांत आकडा मोठा तेवढं बरं. कंट्रोल क्वेश्चनेअर आणि सेंट जॉर्जेस, यांत आकडा मोठा तेवढं वाईट. एका प्रबंधाची परीक्षक म्हणून गेले होते, तिथे उपचारानंतर सगळे रुग्ण बिघडले असा निष्कर्ष होता. मुलगा रडवेला झालेला. तक्ता उलटा वाचला होता, बाकी काही नाही.

किती फरकाला फरक म्हणायचं हेही आधी लिहून ठेवा. एसीटीत 3 गुण, जुनिपर यांच्या प्रश्नावल्यांत 0.5, सेंट जॉर्जेसमध्ये 4. यापेक्षा कमी बदल रुग्णाला सहसा जाणवत नाही. तुमच्या संख्याशास्त्राच्या मॅडम पी व्हॅल्यू, म्हणजे फरक नुसता योगायोगाने आलेला नसावा हे सांगणारा आकडा, छान आली म्हणतील. येऊ दे. एसीटीची सरासरी 1 गुणाने वाढली असेल तर त्या शंभर माणसांतल्या बहुतेकांना काही कळलेलं नसतं.

आणि महिना लिहा. मिनी 2 आठवडे आठवायला सांगते. दिवाळीनंतरचे 2 आठवडे आणि मार्चमधले 2 आठवडे सारखे नसतात. निम्मे रुग्ण ज्वारीच्या मळणीच्या वेळी आणि निम्मे पावसाळ्यात घेतलेत, तर तुम्ही दमा मोजला की हंगाम, ते सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच फॉर्मवर सापडणार नाही. औषध जवळ नसण्याची भीती वाटते का, हे मोठी प्रश्नावली विचारते, चांगलंच आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या एका नव्या नवरीला भीती वेगळीच होती. लग्न ठरवताना दमा सांगितला नव्हता. ती पंप बाथरूममध्ये नळ सोडून ओढायची, आवाज जाऊ नये म्हणून. नळ सोडण्याला गुण किती द्यायचे? तुमच्या फॉर्मच्या खाली चार ओळी कोऱ्या ठेवा, एवढंच सांगेन.

प्रश्न : माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, बाळदमा आहे. डॉक्टरांनी फॉर्म दिला आहे, त्यात तोंडांची चित्रं आहेत. तो मी भरायचा की त्याने? तो सगळीकडे हसरं तोंड करतो. (एक आई, नाशिक)

उत्तर : दोघांनी. हा 4 ते 11 वर्षांच्या मुलांसाठीचा फॉर्म आहे, 7 प्रश्नांचा. पहिले 4 मुलाचे, चेहऱ्यांची चित्रं त्यासाठीच आहेत. नंतरचे 3 तुमचे : मागच्या 4 आठवड्यांत किती दिवस दिवसा त्रास झाला, किती दिवस घरघर होती, किती रात्री जाग आली. एकूण 27, आणि 19 किंवा कमी आले तर दमा आटोक्यात नाही असं धरतात. त्याचे प्रश्न वाचून दाखवायला हरकत नाही, पण “अरे, परवा खोकत होतास ना!” असं म्हणायचं नाही. तुमचं म्हणणं तुमच्या 3 प्रश्नांत मांडा. आई आणि मुलाची उत्तरं जुळली नाहीत तर डॉक्टरांना त्यातून उलट जास्त कळतं.

हसऱ्या तोंडाबद्दल. पळताना, खेळताना दम्याचा त्रास होतो का, या प्रश्नाला एका मुलाने माझ्याकडे असंच हसरं तोंड केलं होतं. कुठला खेळ खेळतोस विचारलं, तर क्रिकेट. बॅटिंग की बोलिंग? तर म्हणाला, “मी रोज अंपायर असतो.” तेव्हा तुमच्या चिरंजीवांना तेवढं एक विचारून पाहा. पंप आणि स्पेसर (पंपाला लावायची नळी) शाळेच्या दप्तरात असतो ना, आणि वर्गशिक्षकांना माहीत आहे ना, हेही.

प्रश्न : वय 58. मोबाइलवर दम्याची चाचणी दिली, 14 गुण आले. मला दमा आहे हे आजच कळलं. कोणता पंप घ्यावा? पूर्वी विडी ओढायचो. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तुम्हाला दमा आहे हे त्या चाचणीने सांगितलेलं नाही. दमा आहे असं आधीच ठरलेल्या माणसाचा दमा किती आटोक्यात आहे, एवढंच ती सांगते. रक्त कमी असलेल्या, हृदय थकलेल्या किंवा विडीने फुफ्फुसं खराब झालेल्या माणसाने ती दिली तरी 14 येतील. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय विडीवर आहे. स्पायरोमेट्री करा, पंपाचं औषध देण्याआधी एकदा आणि दिल्यावर 10-15 मिनिटांनी पुन्हा. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 12 टक्क्यांनी आणि शिवाय 200 मिलिलिटरने वाढली तर दम्याची शक्यता बळावते. तोवर मेडिकलमधून पंप विकत घेऊ नका. डॉक्टरांकडे जाताना जुने एक्सरे न्या, आणि ‘पूर्वी’ म्हणजे नेमकं किती वर्षं आणि दिवसाला किती बंडलं, ते घरच्यांना विचारून लिहून न्या. तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा, दोन्ही लिहा.